बारा नंबरचा खिळा

“ज्याचा बिल्ला त्यानंच लावायचा, बाई. नवऱ्याचा बायकोनं नाही, लेकीचा आईनं नाही. इथं नातं चालत नाही, इथं फक्त नंबर चालतो.”

सकाळी आठ वाजता डोंगराच्या पायथ्याशी पहारेकऱ्यानं हे सांगितलं तेव्हा सगळे हसले होते. थोरलीही हसली होती. आता दुपारचे पावणेचार झाले होते आणि त्याच फळ्यासमोर ती उभी होती. पाच ते बारा, आठही खिळ्यांवर पत्र्याचे गोल बिल्ले लोंबत होते. म्हणजे गटातली आठही माणसं खाली उतरली होती. फळ्याच्या हिशेबानं डोंगर रिकामा होता.

पण बारकी डोंगरावरच होती. तिचा बारा नंबरचा बिल्ला खिळ्यावर कोणी लावला, हे तिथल्या माणसांत एकट्या थोरलीला ठाऊक होतं.

चार दिवसांची सहल होती. बोटीनं यायचं, बेटावर तीन मुक्काम, चौथ्या दिवशी सकाळी दहाच्या बोटीनं परत. पहिल्या दिवशी दीपस्तंभ झाला. दुसऱ्या दिवशी काचेच्या तळाच्या होडीतून समुद्राखालची प्रवाळं बघून झाली. तिसरा दिवस डोंगराचा. गटात दोन नव्या लग्नाची जोडपी होती, ती आपापल्यात दंग. एक निवृत्त हेडमास्तर आणि त्यांची बायको, जिला पहिल्या दिवसापासून सगळे मास्तरीणबाई म्हणायला लागले. आणि या दोघी बहिणी.

थोरली एकसष्ट वर्षांची. छत्तीस वर्षं इस्पितळात नर्स म्हणून काढलेली, शेवटची अकरा वर्षं वॉर्डची मुख्य. बारकी त्रेपन्नची, पण घरात एकदा बारकी ती कायमची बारकी. आई गेली तेव्हा ती नऊ वर्षांची होती आणि थोरली सतरा. तेव्हापासून बारकीच्या वेण्या, बारकीची शाळा, बारकीचा गोवर, पुढे बारकीचं लग्न, सगळं थोरलीनं एकटीनं निभावलं. त्यात स्वतःचं लग्न राहून गेलं. त्याबद्दल तिनं कधी नाक मुरडलं नाही, आणि कोणी विषय काढलाच तर म्हणायची, “एका घरात एक लग्न पुरे. भांडी घासायची कोणी?”

चौदा महिन्यांपूर्वी बारकीचे यजमान गेले. दिवस झाले, पाहुणे पांगले, तशी थोरली तिच्या दारात जाऊन उभी राहिली आणि नुसतं “चल” म्हणाली. बारकी आली. पण आली ती जणू बोलणं तिकडेच ठेवून आली. ताटात वाढलं की जेवायची, दिवा मालवला की आडवी व्हायची. हे हवं का, तर हो. नको का, तर बरं, नको. एवढ्या कष्टानं वाढवलेली पोर डोळ्यांदेखत विझत चालली आहे, या धास्तीनं थोरलीनं ही सहल काढली होती. डोंगर, समुद्र, नवी माणसं, कशानं तरी हिच्यात धुगधुगी येऊ दे, एवढंच तिचं मागणं होतं. रोज पहाटे अंघोळ करून देवापुढे बसल्यावर सध्या ती दुसरं काही मागतच नव्हती.

सकाळी पहारेकऱ्याचं बोलणं ऐकून ती हसली, त्यालाही कारण होतं. वॉर्डात तिचाही हाच कायदा होता. ज्यानं गोळी दिली त्यानंच सही करायची. एकदा एका नव्या मुलीनं मैत्रिणीच्या जागी सही ठोकली, तर थोरलीनं तिला त्याच दिवशी वॉर्डातून हलवलं होतं. पोर रडली, हातापाया पडली. थोरली म्हणाली होती, “मी तुझ्यावर रागावलेली नाही गं. मला फक्त कळायला हवं, रोग्यापाशी खरोखर कोण उभं होतं.”

आणि असा कायदा पाळणारी ही बाई, बिल्ले हातात पडताच बारकीला म्हणाली, “दे इकडे. तू पाडशील.”

बारकीनं दिला. तिचं सगळं थोरलीच्याच पिशवीत असायचं. ती पिशवी म्हणजे पाठीवर घेतलेलं घर होतं. दोघींचे फोन, दोघींच्या पाण्याच्या बाटल्या, गोळ्या, रुमाल, सुटी साखर.

“सिस्टरबाई, यात एखादा पलंग आहे का?” हेडमास्तरांनी विचारलं.

“आहे. पण तो पडणाऱ्यांसाठी. तुम्ही पडा, मग काढते.”

वाट काळ्या दगडांच्या पायऱ्यांची होती. दोन्ही बाजूंना माणसाहून उंच नेचे, छत्रीएवढाली पानं, झाडांवर चढलेल्या वेली आणि वेलींवर चढलेलं शेवाळ. ऊन वरच्या वर अडत होतं, खाली नुसती हिरवी वाफ कोंडली होती. बारकीच्या चष्म्यावर पुन्हा पुन्हा धुकं धरायला लागलं. तिनं दोनदा पुसला. तिसऱ्यांदा थोरलीनं तो तिच्या हातातून घेतला आणि पिशवीत टाकला. “सारखं काय पुसत बसतेस. वर गेल्यावर घाल.”

अर्ध्या वाटेवर एक पत्र्याचं छप्पर आणि बाक होता. तिथपर्यंत येईतो थोरलीच्या डाव्या गुडघ्यानं हात टेकले.

“माझा गुडघा संपावर गेला,” ती बाकावर बसत म्हणाली.

“मावशी, त्याला सांगा, वर गेल्यावर पगारवाढ देऊ.” वाटाड्या म्हणाला. चाळिशीचा, बडबड्या, पण पायऱ्यांवर शेळीसारखा माणूस होता तो.

“तो नुसत्या आश्वासनावर चालणारा नाही हो. तुम्ही व्हा पुढे, आम्ही दोघी हळूहळू खाली उतरतो.”

“ताई,” बारकी म्हणाली, “मी जाऊ का वर?”

थोरलीनं मान वळवून पाहिलं. चौदा महिन्यांत बारकीनं पहिल्यांदा आपण होऊन काही मागितलं होतं. तिच्या गालांवर लाली होती, कपाळावर केस चिकटले होते, आणि ती झाडांमधून दिसणाऱ्या समुद्राच्या तुकड्याकडे बघत होती.

“जा की,” थोरली म्हणाली. आवाज तिनं मुद्दामच जरा करडा केला. “यांच्या मागेमागेच राहा. काठाला जाऊ नकोस. बूट घट्ट बांधलेत का?”

“बांधलेत गं.”

“जा मग.”

वाटाड्यामागून सातजण पायऱ्या चढून पानांआड गेले. थोरली पिशवी खांद्याला लावून उतरायला लागली. एकेक पायरी, आधी उजवा पाय, मग डावा, मग घटकाभर कळ सोसायची. पायथ्याशी पोचायला तिला एक वाजला. चौकीत कोणी नव्हतं. मागे विहिरीच्या रहाटाचा आवाज येत होता, म्हणजे पहारेकरी पाण्याला गेला होता. तिनं पिशवीत हात घातला. बिल्ले निघाले ते दोन. समोर खिळे रिकामे. अकरावर अकरा लागला, बारावर बारा लागला. हातानं ताटं वाढली ती दोन, चादरी झटकल्या त्या दोन, कपात चहा ओतला तो दोन कपांत. हाताला दुसरं वळणच नव्हतं. आणि मन म्हणाल तर ते गुडघ्यात होतं. ती बाकावर जाऊन बसली, पाय लांब केला, डोळे मिटून नामस्मरण करत राहिली, आणि बारकीनं स्वतःहून मागितलं या समाधानात तिला कधी डोळा लागला, कळलं नाही.

जाग आली ती माणसांच्या आवाजानं. गट उतरला होता. घामेजलेले, चिखलाळलेले, खुशीत होते सगळे. थोरलीनं एकेक तोंड पाहिलं.

“बारकी कुठाय?”

“तुमच्याकडेच की,” मास्तरीणबाई म्हणाल्या. “शिखराच्या ऐन अलीकडे मला म्हणाल्या, ताई खाली एकटी आहे, मी जाते. मी म्हटलं, अहो, दहा पायऱ्या राहिल्यात. पण फिरल्याच त्या. दोन तास झाले त्याला.”

वाटाड्याचा चेहरा क्षणभर उतरला. मग त्यानं फळ्याकडे पाहिलं आणि हायसं वाटून हसला. “हा काय, बारा नंबर आहे ना. घाबरवलंत, मावशी! उतरल्यात त्या. तुम्हाला झोप लागलेली बघून समुद्रावर गेल्या असतील.”

पहारेकरी पुढे आला. सत्तावन्न-अठ्ठावन्नचा, किडकिडीत, सदऱ्याची गळ्याजवळची गुंडीही लावलेला माणूस. सगळे त्याला मामा म्हणत. त्यानं बोट लावून आठ बिल्ले मोजले. “फळा पुरा आहे,” तो म्हणाला. “बाई खालीच आहेत. इथंच कुठंतरी असतील.”

हे ऐकत असताना थोरलीला फळा दिसला. दुपारी एकला पाहिला होता तसा नाही, खरोखरचा दिसला. आणि आपल्याच बोटांची त्या खिळ्याशी झालेली हालचाल तिला आठवली.

तेव्हाच बोलायला हवं होतं. एक वाक्य होतं. पण ते वाक्य जिभेवर आलं आणि तिथंच चिकटलं. तीस माणसांचा वॉर्ड अकरा वर्षं चालवणारी बाई, जिच्या पाळीत कधी चूक झाली नाही, असं जिच्या निरोपाच्या समारंभात तिघांनी बोलून दाखवलं, ती आपल्या सख्ख्या बहिणीच्या बाबतीत असं करते? नसेलच केलं. कदाचित बारकी खरंच उतरली असेल. कदाचित वाळूवर बसली असेल. सगळे समुद्राकडे निघाले, तशी तीही लंगडत निघाली. “बारके! ए बारके!” अशा हाकाही तिनं मारल्या. ज्या दिशेला बारकी नाही हे तिला ठाऊक होतं, त्याच दिशेला तोंड करून मारल्या.

वाळूवर कोणी नव्हतं. होड्यांमागे नव्हतं, न्हाणीघरात नव्हतं, जीपमध्ये नव्हतं.

चौकीवर परत आले तेव्हा पहारेकऱ्यानं फाटकाला कुलूप घातलं होतं. चारनंतर त्या डोंगरावर ढग उतरायचे आणि मग हात लांब केला तर बोटं दिसायची नाहीत. म्हणून फळा भरला की फाटक लावायचं, असा नियम होता.

“मामा, वर एक चक्कर मारू का?” वाटाड्यानं विचारलं.

“कशाला? फळा काय खोटं बोलतो? सतरा वर्षं बोललेला नाही.” पहारेकऱ्याच्या आवाजात ताठा नव्हता, नुसता विश्वास होता. “रस्त्यानं चालत गेल्या असतील मुक्कामावर. तुम्ही तिकडं बघा.”

“चला तर,” हेडमास्तर म्हणाले. “जीप काढा. सिस्टरबाई, चला, उगाच जीव टांगणीला लावू नका.”

सगळे जीपकडे वळले. दारात एक पाय टाकेपर्यंत थोरली गप्प होती. पाय टाकला, आणि मग तिला आणखी एक पाऊल उचलवेना. ही जीप निघाली की डोंगराकडे वळून बघायला कोणी उरणारच नव्हतं. ती मागे वळली.

“मामा, बारा नंबर तिनं लावला नाही.”

“मग?”

“मी लावला.”

“कधी?”

“एक वाजता. तुम्ही पाण्याला गेला होतात. दोन्ही बिल्ले माझ्याकडे होते. दोन्ही लावले.”

“आणि हे आत्ता सांगताय?”

भिंतीवरच्या घड्याळात चार वीस झाले होते. पस्तीस मिनिटं. पस्तीस मिनिटांत काय काय होऊ शकतं, हे तिनं किती नव्या मुलींना शिकवलं होतं.

पहारेकऱ्यानं चौकीत जाऊन फोन फिरवला. बाहेरपर्यंत पलीकडची घंटी ऐकू येत होती. वाजून वाजून थांबली. त्यानं पुन्हा फिरवला.

“रविवार,” तो म्हणाला. “कचेरीत घंटी ऐकायला पालीशिवाय कोणी नाही. बाई, किल्ली माझ्या कमरेला आहे, पण हुकूम माझा नाही. कुलूप लागल्यावर कचेरीला विचारल्याशिवाय उघडायचं नसतं. सहा वर्षांमागं मी एकदा उघडलं होतं. बिल्ला न घेताच आत शिरलेला माणूस मिळाला, पण माझ्यावर ठपक्याचा कागद झाला. साहेबांनी सांगितलं, पुन्हा असं झालं तर सरळ घरी. आठ महिने उरलेत माझे.”

हे तो तक्रार म्हणून सांगत नव्हता. सांगता सांगता त्यानं कोपऱ्यातला दोर काढला होता, विजेरी काढली होती.

“तुमच्यावर काही आलं तर मी जाईन साहेबांपुढे,” थोरली म्हणाली. “चिठ्ठी नाही, निरोप नाही. स्वतः जाऊन माझ्या तोंडानं सांगेन, चूक माझी. शब्द देते, मामा.”

“पाहुण्यांचे शब्द बोटीबरोबर जातात, बाई,” पहारेकरी म्हणाला. त्यात टोमणा नव्हता. आणि तो हे म्हणेपर्यंत कुलूप उघडलेलं होतं.

ती त्यांच्याबरोबर निघाली, तर त्यानं हात आडवा केला. “तुम्ही आलात तर दोघींना उचलून आणावं लागेल. बसा इथं.”

पहारेकरी आणि वाटाड्या वर गेले. त्यांच्या हाका थोडा वेळ ऐकू आल्या, मग पानांनी त्या गिळल्या. डोंगराच्या माथ्यावरून ढग सायीसारखा खाली ओघळत होता. मास्तरीणबाई शेजारी बसून पाठीवरून हात फिरवत होत्या. “पाणी घ्या थोडं,” त्या म्हणाल्या.

थोरलीनं पिशवी उघडली. वर बारकीची पाण्याची बाटली होती, सकाळी भरलेली, जशीच्या तशी. तिच्याखाली बारकीचा फोन. त्याखाली रुमालात गुंडाळलेला चष्मा.

बराच वेळ ती त्या पिशवीत बघत राहिली. वर जा, असं तिनं बारकीला मोठ्या मनानं सांगितलं होतं. आणि हे सगळं घेऊन ती स्वतः खाली उतरली होती. पाडेल, विसरेल, हरवेल, म्हणून एकेक करत तिनं बहिणीचे हात रिकामे केले होते, आणि त्या रिकाम्या हातांनी तिला डोंगरावर धाडलं होतं. तिनं देवाला हाक मारली. पण पुढे मागणं सुचेना. रोज न चुकता त्याच्यापुढे बसणारी बाई, आज त्याला तोंड दाखवायची तिला लाज वाटली. ती नुसती “तू बघ, तू बघ” एवढंच म्हणत राहिली.

सहाला थोडा वेळ असताना पायऱ्यांवर माणसं दिसली. मध्ये बारकी होती. एका हातात काठी, दुसरा हात वाटाड्याच्या खांद्यावर, गुडघ्यापर्यंत लाल चिखल. डावा पाय टेकवत नव्हती.

“ताई,” ती खाली पोचल्यावर म्हणाली, “खूप वेळ झाला का गं?”

थोरलीनं बारकीला चौकीच्या आतल्या खोलीत नेलं, बूट काढला, पाय मांडीवर घेतला आणि बोटांनी घोटा चाचपला. हाड शाबूत होतं. मुरगळून सुजला होता. ती पट्टी बांधत असताना बाहेर एक जीप थांबल्याचा आवाज आला, कोणीतरी खालच्या आवाजात बोललं, मग जीप निघून गेली. तिनं तिकडे लक्ष दिलं नाही. तिचं सगळं लक्ष त्या पायात होतं.

मुक्कामावर जेवताना वाटाड्यानं सांगितलं. कचेरीचा माणूस रस्त्यानं जाताना फाटक उघडं बघून थांबला होता. मामांना उद्या अकरा वाजता साहेबांपुढे बोलावलं होतं.

“मामा काय म्हणाले?” थोरलीनं विचारलं.

“म्हणाले, फळा बघण्यात माझी चूक झाली आणि फाटकही मीच उघडलं.”

“माझं नाव?”

“नाही घेतलं. मी बोलणार होतो, तर मला डोळ्यांनी गप्प केलं. म्हणाले नंतर, बाईमाणूस आहे, उद्या जायचंय त्यांना, कशाला.”

हेडमास्तरांनी ताट बाजूला सारलं. “सिस्टरबाई, तुमच्या मनात काय आहे ते दिसतंय मला. पण विचार करा. कचेरी बेटाच्या त्या टोकाला, सुनावणी अकराला, बोट दहाला. पुढची बोट गुरुवारी. एक चांगलं पत्र लिहा. मी मजकूर सांगतो, हा वाटाड्या नेऊन देईल. पत्रानंही काम होतं.”

“होतं ना,” थोरली म्हणाली. “पण मी पत्राचा शब्द दिलेला नाही.”

“अहो, संकटात माणूस काय वाटेल ते बोलतं!”

“म्हणूनच,” थोरली म्हणाली, आणि उठली.

खोलीत दोन खाटा होत्या. बारकी उशीवर पाय ठेवून पडली होती. खिडकीतून समुद्राची गाज येत होती. थोरली तिच्या पायथ्याशी बसली.

“भीती वाटली का गं?”

“वाटली. मग बऱ्याच वेळानं वाटेनाशी झाली. ते ध्यानात आल्यावर पुन्हा वाटली.” बारकी छताकडे बघत बोलत होती. “दोन वाटा फुटल्या होत्या. पाटी होती, पण अक्षरं लागेनात. डावीकडे गेले. पाय घसरला तिथं बसून राहिले. हाका मारल्या, मग थांबवल्या. म्हटलं, ताई येईल. मग मनात आलं, ताई आली नाही तर?”

“बारके, माझं चुकलं.”

“तू मला वर जायला सांगितलंस आणि माझे डोळे घेऊन खाली गेलीस,” बारकी म्हणाली. आवाज हळू होता, पण इतकं लांब वाक्य ती चौदा महिन्यांत बोलली नव्हती. “आणि मी तरी काय? दहा पायऱ्या राहिल्या होत्या, ताई. वरून दोन्हीकडचा समुद्र दिसतो म्हणे. तिथं मला वाटलं, तू खाली एकटी आहेस आणि मी इथं मजा करतेय. फिरले. कोणी सांगितलं होतं मला?”

थोरलीनं तिच्या पायाखालची उशी सारखी केली.

“उद्या मला कचेरीत जायचंय,” थोरली म्हणाली. “पहारेकऱ्याला शब्द दिलाय.”

“माहीत आहे. सांगत होता तो उतरताना.”

“काय सांगत होता?”

“म्हणाला, तुमच्या बहिणीनं एक अवघड वाक्य बोलून दाखवलं, म्हणून फाटक उघडलं. उशीर केला म्हणाला, पण बोलल्या.”

थोरलीनं पदरानं डोळे टिपले. “मग बोट चुकेल माझी.”

“तुझी चुकेल.”

“म्हणजे?”

“मी जाते उद्या. पाय दुखतोय, घरी जाऊन पडायचंय मला. माझ्या घरी, ताई. तिकडे. चौदा महिने कुलूप आहे त्याला.”

थोरलीच्या तोंडात लगेच आलं, या पायानं? एकटी? मास्तरीणबाईंना सांगून ठेवते, धक्क्यावर त्यांनी तुला हात द्यावा, गोळी जेवल्यावर घे, घरात पाणी भरलेलं नसेल, शेजारणीला फोन करते. ते सगळं ओठांपर्यंत येऊन थांबलं. तिला ते गिळायला वेळ लागला.

“बरं,” ती म्हणाली.

“नुसतं बरं?” बारकीनं मान वर करून पाहिलं. “तब्येत बरी आहे ना तुझी?”

आणि दोघींना हसू आलं, रडू आवरताना येतं तसं.

सकाळी थोरली नेहमीसारखी पहाटे उठली. अंघोळ केली, खिडकीशी बसून नेम केला. आज तिनं बारकीसाठी काही मागितलं नाही. बारकी झोपेत होती. तिची पिशवी तिनं स्वतः भरली होती, वेडीवाकडी, एक बाही बाहेर लोंबत होती. थोरलीचा हात त्या बाहीकडे गेला. तिनं तो मागे घेतला.

गुडघ्याला पट्टी आवळून तिनं दार हळूच ओढून घेतलं. अंगण झाडणारी बाई कमरेवर हात देऊन सरळ झाली.

“कचेरीकडे जाणारी गाडी कुठून मिळते?”

“आठ वाजता, नारळीच्या बागेपलीकडून. पण भरवसा नाही तिचा. कधी येते, कधी नाही.”

“आणि चालत?”

“चालत अडीच तास. तुमच्या पायानं तीन.” बाईनं तिच्या गुडघ्याकडे पाहिलं, मग खोलीच्या बंद दाराकडे. “आणि धक्का त्या बाजूला आहे हं, बाई. बोट आहे ना आज तुमची?”

“माझ्या बहिणीची आहे,” थोरली म्हणाली.

सव्वासात झाले होते. ती रस्त्याला लागली आणि धक्क्याकडे पाठ करून, उजवा पाय आधी, मग डावा, अशी हळूहळू चालायला लागली.